न आलेला ठसका

आमच्या घरात मिरची कधी विकत आणली नाही. गूळ, रॉकेल, नानांची विड्याची पानं असं सगळं गुलमंडीच्या बाजारातून पिशवीतून यायचं, पण मिरची म्हटली की ती परसातली, आईच्या हातची. हिरवी झाडावरून तोडायची, लाल माळवदावर वाळवायची आणि वर्षाचं तिखट घरच्याच उखळात कांडायचं, असा नेम होता. आता मी पुंडलिकनगरात मुलाकडे राहते. सूनबाई तिखटाचं पाकीट कात्रीनं कापते आणि डब्यात ओतते. ते तिखट रंगानं सुरेख असतं, भाजी कशी लालबुंद दिसते, आणि जिभेला काही म्हणजे काही कळत नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "आई, तुम्हाला ॲसिडिटी होते ना?" होते. खोटं कशाला बोलू? पण मला ॲसिडिटी होते म्हणून मिरचीनं मिरचीपण सोडावं, हे काही पटत नाही.

आम्ही राहायचो तो उस्मानपुरा तेव्हा गावाच्या कडेला होता. आमचं घर म्हणजे पुढं पडवी, मागोमाग दोन खोल्या आणि त्यांच्यामागं घराहून मोठं परस. मोरीचं पाणी एका चरीतून वळवून वाफ्यात सोडलेलं, त्यामुळे आम्ही अंघोळी करायचो आणि मिरच्या वाढायच्या. नाना कचेरीत कारकून होते. निजामाच्या अमदानीत शिकलेले, त्यामुळे उर्दू त्यांच्या हातात अशी मुरलेली की मिसलीच्या कागदांवर लेखणी पळायची. पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली आणि केस पांढरे व्हायला लागलेल्या वयात नानांना मराठीत मसुदे लिहायची वेळ आली. संध्याकाळी ते माझीच पाटी मागून घेत आणि पडवीत बसून जोडाक्षरं गिरवत. मला त्याची मोठी गंमत वाटायची; आता वाटत नाही. हिशेब मात्र ते शेवटपर्यंत पुटपुटत उर्दूतच करत. भाषेबरोबर बोलायची हौसही गेली असावी, कारण घरात त्यांचा आवाज फारसा यायचा नाही. जेवताना ताटात भाकरी, वर भाजल्या डाळींच्या येसराची आमटी आणि डाव्या बाजूला दोन हिरव्या मिरच्या असल्या की एखादी चावून, कपाळाचा घाम पुसून ते म्हणत, "आज जमली." एवढ्या दोन शब्दांवर आईचा दिवस जायचा.

परसातल्या खोलीत कौसामावशी राहायची. ती शेंद्रा गावची. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, दुसरीला मुलगा झाला, आणि मग त्या घरात हिचं कामच उरलं नाही. शेजारपाजारच्या घरी तिखट-मसाले कांडून ती पोट भरायची. अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड, आणि तोंडाचा पट्टा असा की भाजीवाला आमच्या दारापुढं येताना आवाज बारीक करायचा. उन्हाळ्यात ती कांडायला बसली की मुसळाचा ठुप्प, ठुप्प आवाज सकाळपासून गल्लीभर चाले, आणि त्यामागून घराघरांतून शिंकांची साथ. तिनं नाकातोंडावर पदर आवळून बांधलेला असायचा, वर नुसते डोळे दिसायचे. मोठे, काळे, पाण्यानं भरलेले. मिरचीनंच भरलेले असणार. पण आम्हा पोरांना ती रडतेय असंच वाटायचं आणि आम्ही तिच्याशी जरा नरमाईनं वागायचो.

वाफा आई आणि कौसामावशी दोघींचा. झाडावर पिकून लाल झालेल्या, जाड सालीच्या मिरच्या बियाण्याला ठेवायच्या, बी सावलीत वाळवून चुलीच्या राखेत घोळवायचं आणि चिंधीत बांधून आढ्याला टांगायचं, हे आईचं काम. फुटक्या माठाच्या बुडात रोप तयार करायचं, पानं आवळून आली, म्हणजे बोकड्या पडला, की आंबट ताक शिंपडायचं, हे कौसामावशीचं. आषाढात ऊन उतरल्यावर रोपं लावायला मात्र दोघी मिळून बसायच्या, आणि तिथं एक विधीच असायचा. मिरची रागात लावावी, असं कौसामावशीचं ठाम मत. शांतपणे लावलेली मिरची फिकी होते, म्हणे. आता आमच्या आईला राग म्हणून येत नसे. मग कौसामावशी तो आणायच्या खटपटीला लागायची.

"वैनी, भाऊनं औंदा तुमास्नी पाडव्याला लुगडं घेतलं का व?"

"घेतलं नाही. मी मागितलं कुठं?"

"अन् अक्काला घेतलं म्हनं. चांगलं काठापदराचं."

आईच्या नाकाचा शेंडा लाल व्हायला लागायचा. "वन्संना घेतलं तर बिघडलं काय? त्यांनीच तर मोठं केलंय ह्यांना."

"बिघडलं नाय. म्या आपलं म्हन्ती. तुमी ह्या घरात नुस्त्या भाकरी बडवाया आलाव, म्हून म्हन्ती." आणि आईनं रागानं ओठ आवळून मातीत बोट खुपसलं की कौसामावशी चटकन रोप पुढं करायची, "हां, आता लावा! आता लावा!" मग दोघीही हसत सुटायच्या. ती मिरची तिखट व्हायची हे खरं. रागानं व्हायची की राखेनं, देव जाणे.

माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आईला मुलगा झाला. दिगू. कौसामावशीनं त्याला जो हातात घेतला तो खाली ठेवायलाच तयार नसायची. रोज सकाळी कांडणावर जायच्या आधी ती हातपाय स्वच्छ धुऊन, वर दह्यानं चोळून यायची, म्हणजे बोटांतलं तिखट निघावं. मग पाय पसरून बसायची, नडग्यांवर त्याला आडवा घालायची आणि तेल लावता लावता त्याच्याशी अखंड बोलायची. शेंद्र्याच्या विहिरीच्या गोष्टी, बैलांच्या गोष्टी, नवऱ्याला शिव्या, सगळं त्या तीन महिन्यांच्या जिवाला सांगायची. तो तिच्याकडे टक लावून बघायचा. तिला इतकं सुखी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

बारशाला आत्या आली आणि राहिली. नानांची ही थोरली बहीण. नानांना त्यांची आई आठवतसुद्धा नव्हती; आत्यानंच त्यांना वाढवलं, पुढं तिचा नवरा लवकर गेला तरी भावाला शिकवायचं सोडलं नाही. त्यामुळे आत्या बोलली की नाना मान खाली घालत. ती दुष्ट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणालाही ती दुष्ट वाटेल. ती भित्री होती. जन्मभर माणसं हातातून गेलेली, त्यामुळे हा एक वंशाचा दिवा विझू नये म्हणून ती जिकडे तिकडे वारा शोधत असायची. येताना तिनं सासरच्या गावाकडून गाठोडंभर वाळल्या मिरच्या आणल्या होत्या. लांबलचक, चकचकीत, कुंकवासारख्या लाल. "बघ सुमन, अशी असती मिरची," ती आईला म्हणाली. आईनं एक मोडून वास घेतला, बरणी भरून फळीवर ठेवली आणि स्वयंपाकाला आपल्याच वापरत राहिली.

कौसामावशी दिगूला तेल लावायला बसली की आत्या दारात उभी राहून बघायची. एक दिवस आईला म्हणाली, "त्या बाईच्या हातात लेकरू देत जाऊ नको. जिची ओटी रिकामी, तिची नजर भुकेली."

"चांगलं तेल लावतात त्या, वन्सं. अंगही बघा कसं धरलंय त्यानं."

"तेच म्हणते मी. ती बघती, तिला दिसतं अंग धरलेलं."

परसात पाटा धूत असलेल्या कौसामावशीचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

पौषातल्या थंडीत दिगू आजारी पडला. आधी नाक वाहिलं, मग ताप, मग त्यानं दूध ओढायचं सोडलं. तो रडायचा तेव्हा आवाज फुटायचा नाही, आणि श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडायचा. पोट उडतंय, असं आमच्याकडे म्हणतात. आई त्याला छातीशी धरून येरझाऱ्या घालत होती. नाना कचेरीत गेले नाहीत. आईनं एकदा विचारलं, "डॉक्टरांकडे नेऊ या का हो?" नानांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "सुया टोचून घ्यायला? एवढ्याशा जिवाला? आधी दृष्ट काढते."

दृष्ट आमच्याकडे सगळेच काढत. मीठ, मोहरी आणि वाळल्या मिरच्या मुठीत घ्यायच्या, आल्यागेल्याची, घरच्यादारची म्हणत लेकरावरून ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. मिरची जळल्यावर घरभर ठसका उठला तर दृष्ट नव्हती. ठसका नाही आला, तर ती होती, आणि मिरच्यांनी ती ओढून घेतली. साधा कायदा. लहानपणापासून मी तो पाहत आले होते आणि त्यावर माझा, आईचा, साऱ्या गल्लीचा विश्वास होता. आत्यानं आपल्या बरणीतल्या लाल लाल मिरच्या काढल्या, ओवाळल्या, शेगडीत टाकल्या. त्या तडतडल्या, काळ्या पडल्या, धूर झाला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. मग रोखायचा कंटाळा येऊन श्वास घेतला. कुणालाच काही झालं नाही. नुसता जळका वास.

"बघ दत्तू," आत्या नानांना म्हणाली. "शिंकसुद्धा आली नाही कुणाला. केवढी असेल!"

कुणाची, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलंही नाही. सगळ्यांच्या माना परसाच्या दाराकडे वळल्या. तिथं कौसामावशी उभी होती. दिगूसाठी शेकायला म्हणून ती विटेचा गरम तुकडा फडक्यात गुंडाळून घेऊन आली होती.

आता अशा वेळी आमच्याकडे आणखी एक रीत असते. ज्याची नजर लागली असा वहीम असेल, त्याच्या पायाखालची माती मिरच्यांत मिसळून पुन्हा ओवाळायचं. ती माती गुपचूप उचलायची असते, माणूस चालून गेल्यावर. आत्या ती आणायला पुढं निघाली तशी कौसामावशी खाली वाकली. तिनं वीट बाजूला ठेवली, आपला उजवा पाय उचलला, त्याखालची चिमूटभर माती घेतली आणि आत्याच्या तळहातावर ठेवली. तोंडानं एक शब्द बोलली नाही. जिच्या बोलण्यापुढं गल्ली टिकत नसे, ती. मला तेव्हा रडू फुटलं.

दुसऱ्यांदा मिरच्या जळल्या. पुन्हा ठसका नाही. आत्या भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "दत्तू, संध्याकाळच्या आत ही बाई ह्या घरात राहता कामा नये. नाहीतर लेकरू राहायचं नाही."

नानांनी मला वाटतं आयुष्यात तेव्हा पहिल्यांदाच कौसामावशीकडे सरळ पाहिलं असेल. मग खाली बघून म्हणाले, "कौसाबाई, थोडे दिवस शेंद्र्याला जाऊन या. पोराला उतार पडला की बघू."

शेंद्र्याला तिचं कुणी नव्हतं हे नानांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे. "व्हय भाऊ," ती म्हणाली आणि आपल्या खोलीकडे गाठोडं बांधायला गेली.

इथं आई उठली. ती आत्याच्या बरणीशी गेली, त्यातली एक मिरची काढून तोंडात घातली आणि चावली. बियांसकट. आम्ही बघत राहिलो. ती शांतपणे चावून गिळून म्हणाली, "वन्सं, ही रंगाची मिरची आहे. हिला जाळा नाहीतर कुंकवात मिसळा. हिला ठसका कुठून यायचा?" मग तिनं फळीवरून आपली बरणी काढली, त्यातल्या चार-पाच मिरच्या आणि मीठ-मोहरी मुठीत घेतली, आणि दिगूला छातीशी धरून परसात गेली. कौसामावशी खोलीच्या उंबऱ्यात लुगड्याची घडी करत होती. आईनं दिगूला तिच्या मांडीवर ठेवलं. ती दचकून मागं सरली, "वैनी, नगा, नगा," पण आईनं ऐकलं नाही. तिच्या मांडीवरच्या लेकरावरून तिनं मूठ ओवाळली. "इथंच बसा घेऊन. धुराकडे आणू नका," असं बजावून ती आत आली, दोन्ही दारं लावली आणि मूठ शेगडीवर रिकामी केली.

आमची मिरची ती. डोळे मिटायलाही सवड मिळाली नाही. नाना भिंत धरून खोकू लागले, मी पदराएवढं फ्रॉकचं टोक तोंडात कोंबलं, आत्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आई मधोमध उभी राहून स्वतःही खोकत होती, पण दाराची कडी काढत नव्हती. रागावलेली आई मी त्या दिवशी पाहिली. कौसामावशीनं इतकी वर्षं डिवचून जेवढा राग काढला नव्हता, तेवढा.

"आला ना ठसका?" ती म्हणाली. "दृष्ट नाही. आजार आहे. आता टांगा आणा."

आत्या खोकत खोकतच म्हणाली, "अगं, दोनदा काढली म्हणून उतरली असेल. म्हणून आता ठसका आला."

"उतरली ना, वन्सं? मग कौसाबाईंना घालवायचं कारण उरलं नाही. आणि ताप का नाही उतरला, तेवढं सांगा."

नाना कडी काढून बाहेर पळाले ते टांगा घेऊनच आले. टांगेवाल्या चाचांनी आमची लाल डोळ्यांची वरात बघितली, बाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बैठो माँ, अब्बी पौंचाता. रो नक्को." आई बसली, आणि तिनं कौसामावशीचा हात धरून तिलाही वर ओढून घेतलं. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली, अजून उशीर केला असता तर, एवढं म्हणून पुढचं वाक्य सोडून दिलं आणि सुई काढली. बरेच दिवस दिगू तिथं होता. मग तो घरी आला, बारीक झालेला, पण दूध ओढणारा.

आईचा स्वतःचा दृष्टीवर विश्वास होता की नव्हता, हे मला अजून कळलेलं नाही. पुढं माझ्या मुलांची दृष्ट तिनं हौसेनं काढली. तेव्हा मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "कायदा वाईट नव्हता गं. मिरची खोटी होती." आत्याही काही दिवसांनी आपल्या गावी गेली, जाताना तिनं कौसामावशीपुढं नारळ आणि खण ठेवला. माफी मागायची तिची रीत तीच. मला वाटलं, झालं, आता सगळं पहिल्यासारखं होईल.

पण ते झालं नाही. कौसामावशीनं दिगूला पुन्हा हात लावला नाही. तो रांगत परसात आला की ती खोलीत जायची. तो बोबडं बोलून तिला हाक मारायचा तर ती पाठ करून उत्तर द्यायची. समोर आलाच तर पदर डोळ्यांवर ओढून घ्यायची, जणू तो सासरा आहे. आईनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. एकदा चक्क हात जोडले. "अहो, ठसका आला होता ना? सगळ्यांसमोर आला होता!"

"आला व्हता, वैनी," ती म्हणाली. "पर तेच्या आधी दोनदा नव्हता आला. माज्या नजरंचा मला काय भरवसा? म्या त्याच्याकडं लई बघत व्हते. रोज बघत व्हते. भुकेल्यावानीच बघत व्हते, अक्का काय खोटं बोलल्या नाय."

आत्याला जिंकणं सोपं होतं. हिला कसं जिंकायचं? वाफ्यातही तिनं हात घालायचं सोडलं. कोवळी रोपंही लेकरासारखीच, म्हणायची. दुसऱ्यांच्या घरचं कांडण तेवढं करायची, खाली मान घालून. आषाढात आई एकटीच रोपं लावायला बसू लागली. तिला डिवचायला कुणी नव्हतं आणि गरजही नव्हती. ओठ आवळून ती मातीत बोटं खुपसत जायची. त्या वर्षांतली मिरची अशी निघायची की नाना एका मिरचीतच हैराण व्हायचे आणि "जमली" म्हणायचं विसरून पाण्याचा तांब्या शोधायचे.

दिगू चार वर्षांचा असेल. चैत्र संपत आला होता आणि मी परसातल्या सावलीत वाळल्या मिरच्यांची देठं खुडत बसले होते. ते काम करणाऱ्याला ठाऊक असतं, थोड्या वेळानं बोटं अशी पेटतात की स्वतःचा घामही पुसता येत नाही. आई गुलमंडीला गेली होती. दिगू कुठून तरी धावत आला, मिरच्यांच्या ढिगात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले, मूठ भरून वर उडवली, हसला, आणि मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत त्यानं दोन्ही मुठींनी डोळे चोळले.

ती किंकाळी मी विसरणं शक्य नाही. तो जमिनीवर लोळायला लागला आणि लोळता लोळता आणखीच चोळायला लागला. मी उठले, त्याच्याकडे झेपावले आणि थांबले. माझे हात तिखटानं माखलेले. मी जोरात ओरडले, "कौसामावशी!"

ती नुकतीच न्हाऊन मोरीतून बाहेर आली होती. केस ओले, हात स्वच्छ. दोन पावलं धावली आणि अंगणाच्या मधोमध उभी राहिली. पदर आपोआप डोळ्यांवर गेला. "वैनीला बोलिव."

"आई नाही घरात!"

"मग तू धर त्याला."

मी माझे दोन्ही पंजे तिच्यापुढं धरले. तिनं ते पाहिले. दिगू किंचाळत होता, "डोळे! डोळे गेले!" ती अजूनही हलत नव्हती. तिच्या मनात काय चाललं असेल, ते कळण्याचं माझं वय नव्हतं. मला तिचा संताप आला होता, एवढं आठवतं. मग तिनं डोळ्यांवरचा पदर ओढून काढला, कमरेला खोचला, खाली बसली आणि दिगूला उचलून मांडीवर आडवा घातला. पूर्वी घालायची तसाच, नडग्यांवर. त्याचे दोन्ही हात आपल्या एका हातात पकडले. "मंगे, हात नगं लावू, पायानं घागर सरकव. कोपरानं दुधाचं भांडं आन." मी आणलं. ती पाणी ओतत राहिली, मग दूध, मग पुन्हा पाणी. दिगू डोळे गच्च मिटून आक्रोश करत होता आणि पापण्या उघडायलाच तयार नव्हता.

"डोळं उघड, राजा."

"नाही!"

"उघड. आसं नाय करायचं. माज्याकडं बघ. बघ माज्याकडं."

हे शब्द तिच्या तोंडून गेले आणि ती स्वतःच दचकली असं मला वाटलं. पण आता थांबून चालणार नव्हतं. तिनं अंगठ्यानं त्याची पापणी वर उचलली, तोंड अगदी जवळ नेलं आणि त्या लालभडक डोळ्यात पाहिलं. मग दुसऱ्या. बघत राहिली, फुंकर घालत राहिली. चार वर्षांचं सगळं बघणं ती तेव्हा बघून घेत होती.

"दिसतं का?"

दिगूनं हुंदका गिळला. "दिसतं."

"काय दिसतं?"

"मावशी."

ती त्याला छातीशी घेऊन मोठ्यानं रडली. आई पिशवी घेऊन मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. कधी आली, आम्हाला कळलं नाही. तिनं ढीग पाहिला, माझे हात पाहिले, मांडीवरचा दिगू पाहिला. पिशवी खाली ठेवली आणि मोरीकडे जाऊन वाफ्याला जाणारी चर उगीच साफ करत बसली.

त्या संध्याकाळी कौसामावशी चार वेळा दाराशी आली. "ताप-बीप नाय ना आला?" दिगूच्या कपाळाला हात लावायची आणि जायची. दुसऱ्या दिवशी आम्ही उठलो तर ती पायरीवर बसलेलीच होती. दिगू आतून धावत आला आणि "मावशी, भाकरी दे" म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली. बिघडलं काहीच नव्हतं. डोळे जरा सुजलेले, बाकी नेहमीसारखा द्वाड. तिनं एक लांब श्वास सोडला आणि त्याला भाकरी द्यायला उठली.

आषाढात फुटक्या माठातली रोपं लावायला त्या वर्षी दोघी उतरल्या. दिगू चिखलात मध्ये मध्ये लुडबुडत होता. कौसामावशीनं रोप हातात धरलं आणि घसा साफ केला. "वैनी, भाऊनं औंदा तुमास्नी लुगडं घेतलं का व?"

"नाही घेतलं," आई म्हणाली.

"अन् अक्काला घेतलं म्हनं."

आईनं ओठ आवळून बघितले, कपाळाला आठ्या घालून बघितल्या. कौसामावशीनं माहेर काढलं, सासर काढलं, आईच्या हातच्या धपाट्यांना नावं ठेवली. पण आईला काही केल्या राग येईना. शेवटी तसंच लावलं.

त्या वर्षीची मिरची फिकी निघाली. नानांनी एक चावली, दुसरी चावली, कपाळाला हात लावून पाहिला तर घाम नाही. त्यांनी आईकडे पाहिलं, परसाच्या उघड्या दारातून दिगूला भरवत बसलेल्या कौसामावशीकडे पाहिलं, आणि तिसरी मिरची उचलत म्हणाले, "आज जमली."